गज, वही आणि अणुव्रत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, यांपैकी कोणत्याही गावाच्या बाजारपेठेत सकाळी एकच गृहस्थ दोन ठिकाणी दृष्टीस पडतो. प्रथम तो मंदिरात किंवा स्थानकात असतो. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो पाऊल जपून टाकतो, पाणी गाळून घेतो, बोलतानाही आवाज चढू देत नाही. तासाभराने तोच गृहस्थ दुकानाच्या गादीवर बसलेला असतो. कपाळावरचा चंदनाचा टिळा अजून पुरता वाळलेला नसतो, आणि समोर पहिले गिऱ्हाईक उभे असते. मंदिरात चोरी करण्याचा प्रसंग सहसा येत नाही, त्यामुळे तेथे अचौर्यव्रत पाळणे फारसे अवघड नाही. (चपलांचा विषय येथे सोडून द्यावा.) व्रताचा खरा दिवस दुकानाचे शटर वर गेल्यानंतर सुरू होतो आणि रात्री गल्ला मोजून झाल्यावर संपतो. या दहा-बारा तासांविषयीच आजचे विवेचन आहे.

साधूंचे ते महाव्रत आणि श्रावकाचे ते अणुव्रत, अशी विभागणी सर्वांस ठाऊक आहे. अणु या शब्दामुळे मात्र एक गैरसमज रूढ झाला आहे. श्रावकाचे व्रत लहान, म्हणून ते सोपे, असे अनेकांस वाटते. मुनिमहाराजांचे त्यागाचे सामर्थ्य वंदनीय आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु त्यांना काही विकायचे नसते, मुलीचे लग्न करायचे नसते, बँकेचा हप्ता भरायचा नसतो. श्रावकाला हे सर्व करून व्रत सांभाळायचे असते. शास्त्रकारांना ही अडचण पूर्णपणे ज्ञात होती, आणि त्याचा पुरावा तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आढळतो.

त्या अध्यायात प्रत्येक अणुव्रताचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रताचा संपूर्ण भंग नव्हे, तो अनाचार. अतिचार म्हणजे व्रताला गेलेला तडा. भांडे फुटलेले नसते, पण त्यातून पाणी मात्र झिरपत असते. अचौर्यव्रताचे पाच अतिचार वाचताना असे वाटते की, हे लिहिणारे आचार्य कधीतरी बाजारपेठेत एखाद्या ओट्यावर बराच वेळ शांतपणे बसले असावेत. घरफोडी किंवा दरोडा यांचा तेथे विचार नाही. तेथे विचार आहे तो प्रतिष्ठित माणसाच्या चोरीचा, म्हणजे जिला तो स्वतः चोरी म्हणत नाही अशा व्यवहाराचा.

पहिले दोन अतिचार थोडक्यात पाहू. चोरास उत्तेजन देणे, म्हणजे स्तेनप्रयोग. आणि चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान. बाजारभावाच्या निम्म्या दराने, पावतीशिवाय, संध्याकाळच्या अंधारात मालाचे गाठोडे घेऊन कोणी दाराशी आला, तर तो माल कोठून आला हे न विचारणे हेदेखील एक उत्तरच असते. पुणिया श्रावकाची कथा या संदर्भात आठवण्यासारखी आहे. कापसाचे पेळू विकून दोन जीवांचा निर्वाह करणारा हा श्रावक. एके दिवशी त्याचे मन सामायिकात स्थिर होईना. शोध घेता कळले की, पत्नीने रस्त्यावर पडलेली एक गोवरी उचलून आणून चुलीत घातली होती. गोवरीची किंमत ती काय? परंतु ती दिलेली नव्हती. राजा श्रेणिकाने ज्याच्या एका सामायिकाचे फळ विकत मागितले, त्या पुणियाचे मन एका गोवरीने ढळले. आपल्या जिल्ह्यात कापूस पिकतो, विकला जातो, त्याचे कापड होऊन परत येते; तेव्हा पेळू विकणारा हा श्रावक येथील व्यापाऱ्यांचा पूर्वजच मानावा.

तिसरा अतिचार विरुद्धराज्यातिक्रम. याचा सरळ अर्थ राज्याचे नियम ओलांडणे असा केला जातो. आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचे अधिक मार्मिक विवेचन आहे. राज्यात विरोध किंवा अस्थिरता निर्माण झाली असता, मौल्यवान वस्तू अल्प मोलात मिळतील म्हणून धडपडणे, हा तो दोष होय. परभणी जिल्ह्याने हा अनुभव घेतलेला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. येथे हाली सिक्का चालत असे, आणि मुंबई-सोलापूरच्या व्यापाऱ्यांचे देणे कलदार रुपयांत चुकवावे लागे. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. म्हणजेच सात हाली रुपयांस सहा कलदार. ज्याला हे गणित तोंडपाठ होते तो गादीवर बसलेला असे; ज्याला ते येत नव्हते तो समोर उभा असे. एका रुपयामागे दोन पै इकडेतिकडे झाल्या तरी विचारणारे कोणी नव्हते. त्याच दशकात महायुद्धामुळे कापडावर नियंत्रण आले, आणि १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाची नाकेबंदीही झाली. टंचाईच्या काळात मांजरपाटाचा एक तागा कोठीत दडवून ठेवणे आणि तोच दुसऱ्या दिवशी उपकार केल्याच्या आविर्भावात बाहेर काढणे, याला पूज्यपादांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच नाव देऊन ठेवले होते.

कायदा आणि न्याय प्रत्येक वेळी एकाच बाजूला असतात, असेही नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकावा, असा नियम. शेजारच्या राज्यात भाव अधिक असेल त्या वर्षी कापूस रातोरात सीमेपलीकडे जाई. नियमाच्या दृष्टीने तो अतिक्रम खराच. पण पैसे वेळेवर न मिळालेल्या शेतकऱ्याला त्यासाठी चोर म्हणण्याचे धाडस विचारी मनुष्य करणार नाही. त्याच्या कापसाची दलाली करून दोन्हीकडून मोबदला घेणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी.

आजच्या काळात या अतिचाराचे रूप अगदी साधे आहे. ते म्हणजे एक प्रश्न: "बिल हवे का?" नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसेल की, गिरणीच्या कापडावर सुमारे साठ वर्षे विक्रीकर नव्हता. १९५७ मध्ये कापड, साखर व तंबाखू यांवर विक्रीकराऐवजी केंद्राचे अतिरिक्त उत्पादनशुल्क लागू झाले आणि ते गिरणीतच भरले जाई. त्यामुळे कापडाच्या दुकानदाराला करचुकवेगिरीचा मोहच नव्हता, आणि त्या काळातील प्रामाणिकपणाबद्दल त्याने फार अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. १ जुलै २०१७ पासून कापड वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आले, त्यावर पाच टक्के कर बसला, आणि साठ वर्षांनंतर प्रथमच गादीवरच्या माणसाला स्वतःची पारख झाली. शेजारचा दुकानदार बिलाशिवाय पाच टक्क्यांनी स्वस्त देत असेल, तर बिल देणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते, हे सत्य आहे. ते नाकारून नीतीचा उपदेश करणे सोपे आहे; पण ज्याचे भाडे, नोकरांचे पगार आणि बँकेचे व्याज थांबत नाही, त्याला तो उपदेश कोरडा वाटतो. येथे एवढेच म्हणता येईल की, ग्राहकाकडून कर घेऊन तो न भरणे आणि ग्राहकाच्या आग्रहास्तव बिल न फाडणे, ही दोन पापे सारख्या वजनाची नाहीत. पहिल्यात घेतलेले पैसे दुसऱ्याचे असतात. मात्र दुसऱ्याला पापच न मानणे, ही पहिल्याकडे जाणारी पायरी आहे.

पाचवा दोष प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खऱ्याच्या मोलाने देणे. कापडाच्या धंद्यात याला सीमा नाही. पॉलिएस्टरचा धागा रेशमाहूनही अधिक चमकतो. यंत्रमागावरचे कापड हातमागाचे म्हणून दाखविता येते. "सेमी पैठणी" हा शब्द कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला कोण जाणे, परंतु त्यातील "सेमी" हा भाग दुकानदाराच्या ओठांतल्या ओठांत राहतो आणि "पैठणी" तेवढी ऐकू येते. जाणकार माणूस काठाचा एक धागा जाळून पाहतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्कची खूणही उपलब्ध झाली आहे. परंतु पाथरी किंवा पालमच्या खेड्यातून आलेली बाई दुकानात काडी पेटवून धागा जाळत नाही. ती दुकानदाराच्या तोंडाकडे पाहते, आणि त्यावरून वस्तूची पारख करते.

रेशमाच्या बाबतीत जैन व्यापाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो खोट्या रेशमाचा नसून खऱ्या रेशमाचा आहे. कोशातील जीवाला उष्णता देऊन मारल्याशिवाय अखंड धागा निघत नाही. म्हणूनच अनेक श्रावक पूजेला रेशीम नेसत नाहीत. जो स्वतः नेसत नाही, त्याने ते विकावे काय? एका बाजूला हा प्रश्न. दुसऱ्या बाजूला हेही खरे की, मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला अलीकडे तुतीच्या लागवडीतून हाती पैसा मिळू लागला आहे आणि जालन्याला २०१८ पासून कोशाची बाजारपेठ उभी राहिली आहे. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी कीटकाला बाहेर पडू देऊन मग सूत काढण्याची पद्धत रूढ केली, ते अहिंसा रेशीम होय. ते महाग पडते आणि त्याला तशी झळाळी नसते. काही दुकानदार रेशीम अजिबात ठेवत नाहीत, काही ठेवतात पण त्याच्या नफ्याला हात लावताना कचरतात. लग्नसराईत रेशमाशिवाय कापडाचे दुकान चालविणे म्हणजे साखरेशिवाय मिठाईचे दुकान चालविणे होय. या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने द्यावयाचे आहे. प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारलेला असावा.

आता उरलेला अतिचार, हीनाधिकमानोन्मान. घेताना मोठे माप, देताना लहान. यासाठी एक प्रसंग सविस्तर सांगणे आवश्यक आहे. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी घडलेला म्हणून तो जुन्या व्यापाऱ्यांत सांगितला जातो. नाव मुद्दाम दिलेले नाही.

१९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढील दशकात वाराचा गज जाऊन सरकारी छापाची मीटरची पट्टी दुकानात आली. वार म्हणजे छत्तीस इंच, मीटर म्हणजे एकोणचाळीस इंचांहून किंचित अधिक. खेड्यातील ग्राहक मात्र वारांतच मागत राहिला. नऊवार लुगडे हा शब्द काही कायद्याने बदलता येत नव्हता. त्या दुकानात गिरणीचे लुगडे ताग्यातून कापून देत असत. गुमास्त्याने मालकास विचारले, नऊ वार म्हणजे किती मीटर कापायचे? काटेकोर हिशेब केला तर उत्तर आठ मीटर तेवीस सेंटिमीटर येते. मालक म्हणाले, "आठ धर. हिशेब सोपा पडेल." किंमत पूर्वीचीच राहिली.

आठ मीटर आणि नऊ वार यांत बरोबर नऊ इंचांचा, म्हणजे एका वितेचा फरक पडतो.

काही महिन्यांनी दुधनाकाठच्या एका खेड्यातील म्हातारी दुकानाच्या पायरीशी आली. ती भांडायला आली नव्हती. तिने पदराखालून लुगड्याची घडी काढली आणि म्हणाली, "सावकार, एक वीतभर तुकडा द्या. मी जोडून घेईन. वाकलं की काष्टा सुटतो, शेतात लाज वाटती." तिला वाटले होते, तिचेच अंग सुटले असावे. लुगडे कमी असेल असा संशयही तिच्या मनात आला नव्हता. दुकान महाराजांच्या पायाची धूळ लागलेले होते ना! मालकांनी तिच्यासमोर लुगडे मोजले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती. त्यांनी नवे लुगडे कापले, या वेळी जुन्या गजाने, आणि तिच्या हाती दिले. पैसे घेतले नाहीत. ती आशीर्वाद देत गेली, आणि तो आशीर्वाद त्यांना सोसवेना.

त्या रात्री त्यांनी वह्या काढल्या. आठ मीटरची किती लुगडी गेली, कोणाकोणाला गेली? उधारीच्या खतावणीत नावे होती, गावे होती. पुढच्या आठवडी बाजारांत त्यांनी त्या लोकांना गाठून वितेच्या हिशेबाने रक्कम वजा करून दिली. लोकांना त्याचे आश्चर्य वाटले, काहींना हसू आले. पण ज्यांनी रोख पैसे मोजून लुगडे नेले होते, त्यांची नावे कोठेच नव्हती. रोजमेळात फक्त आकडा होता. मजुरी करून, चार-चार आणे साठवून, उधारीचे ओझे नको म्हणून रोखीने घेणाऱ्या ज्या बाया होत्या, नेमक्या त्यांचेच देणे फेडण्याचा मार्ग उरला नव्हता.

येथे क्षणभर थांबून उधारीचा विचार केला पाहिजे, कारण मराठवाड्याचा कापडधंदा उधारीवरच उभा राहिला. सतराव्या शतकातील जैन कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये अर्धकथानक हे आत्मचरित्र लिहिले. ते स्वतः व्यापारात बुडाले असताना आग्र्यात एका कचोरीवाल्याने सहा-सात महिने त्यांना उधारीवर खाऊ घातले. एकूण बिल चौदा रुपये झाले आणि पुढे ते त्यांनी फेडले. उधारीचे हे सुंदर रूप. दुसरे रूप असे की, रोखीचा भाव एक आणि उधारीचा भाव दुसरा, आणि वहीत मात्र एकच आकडा. व्याज त्या आकड्याच्या पोटात दडलेले असते, ते कोठे लिहावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होते, तेव्हा अशी वही उघडावी की मिटावी, हा प्रश्न अनेक गाद्यांवर उभा राहिला असेल. ज्यांनी मिटली त्यांची नावे कोठे छापून आलेली नाहीत, ज्यांनी उघडली त्यांचीही नाहीत.

आणि लग्नाचा बस्ता! पाच अतिचारांत याचा उल्लेख नाही. माप पूर्ण, माल खरा, बिल पक्के. मुलीचा बाप कापसाचे पैसे कमरेला बांधून आलेला; सोबत वरपक्षाचे दहा लोक. दुकानदार चहा मागवितो, फरसाण मागवितो, आणि तागे उलगडत जातो. वरमाईच्या डोळ्यांत जी साडी भरली ती बाजूला ठेवतो, आणि तिच्याहून भारी साडी तिच्यावर अलगद पसरतो. बाप काही बोलत नाही. त्याचा हात कमरेच्या गाठीवर जातो आणि परत येतो. दुकानदाराने तो हात पाहिलेला असतो. त्या क्षणी, "ही पहिलीच छान दिसते," असे म्हणण्याने दुकानदाराचे हजार-दोन हजारांचे नुकसान होईल, कदाचित गिऱ्हाईकही नाराज होईल. कोणताही कायदा त्याला तसे म्हणण्यास भाग पाडत नाही. परिग्रहपरिमाण हे व्रत श्रावकाने स्वतःपुरते घ्यावयाचे असते, हे खरे; परंतु दुसऱ्याच्या कर्जावर वाढलेला स्वतःचा परिग्रह कोणत्या बाजूला लिहावा? याच मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत. त्या कर्जात बियाणे होते, औषधपाणी होते, आणि बस्ताही होता. या विषयावर मंदिरांतून फारसे बोलले जात नाही, कारण समोर बसणारे बहुतेक दुकानदारच असतात.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाचे चरित्र आले आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ दरिद्री नव्हता. बारा कोटी सुवर्णाचा तो धनी. त्यांतील चार कोटी व्याजात गुंतलेले. दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे. भगवान महावीरांपाशी त्याने घर सोडले नाही, बारा व्रते घेतली आणि आहे तेथे रेषा ओढली. उतारवयात त्याला अवधिज्ञान झाले. गणधर गौतमस्वामी भेटीस आले असता त्याने ते सांगितले. गौतमांना ते पटले नाही. गृहस्थाला एवढे विशाल ज्ञान होणे शक्य नाही, तू या बोलण्याचे प्रायश्चित्त घे, असे ते म्हणाले. आनंदाने नम्रपणे विचारले, प्रायश्चित्त खऱ्या बोलण्याचे घ्यायचे असते काय? गौतम भगवंतांकडे गेले. भगवंतांनी सांगितले, आनंद सत्य बोलला आहे, तू जाऊन त्याची क्षमा माग. आणि चार ज्ञानांचे धनी असलेले गणधर उलट पावली त्या गृहस्थाच्या दारी गेले.

या कथेत गृहस्थाचा गौरव आहे, म्हणून ती व्यापाऱ्यांना आवडते. तिच्यातील दुसरा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही: ज्याचा अपराध झाला होता त्याच्याच दारी जाऊन क्षमा मागितली गेली. संवत्सरी असो वा क्षमावाणी, दरवर्षी क्षमापनेची शेकडो पत्रे छापली जात. आता ती मोबाईलवर एका बोटाने जातात. ती कोणाला जातात याची यादी एकदा पाहावी. व्याही, साडू, मुंबईचे आडते, सुरतेचे व्यापारी, ट्रस्टचे सहकारी. ज्यांचा वर्षभरात फारसा अपराध झालेला नसतो त्यांची क्षमा मागितली जाते. खेड्यातील गिऱ्हाइकाचे नाव त्या यादीत नसते.

आजचा प्रसंग ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाचा आहे, म्हणून धर्मादाविषयीही बोलणे प्राप्त आहे. बिलात धर्मादा म्हणून काही पैसे लावण्याची आणि ते पांजरपोळ, पाणपोई, मंदिर यांना देण्याची रीत व्यापारात जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नाही, असा निर्णय दिला. २०१९ मध्ये संगमनेरच्या एका उद्योगाच्या प्रकरणातही धर्मादा हा मालाच्या किमतीचा भाग नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही तो पैसा व्यापाऱ्याच्या हातून केवळ पुढे जातो. अनेक संस्थांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर व्यापाऱ्यांची नावे आहेत. धर्मादा देणाऱ्या गिऱ्हाइकांची नाहीत. ही तक्रार नव्हे, केवळ नोंद आहे.

लुगड्यांच्या त्या व्यापाऱ्यांनाही हितचिंतकांनी हाच मार्ग सुचविला होता. रोख गिऱ्हाइके सापडत नाहीत ना, मग हिशेबाने जेवढी रक्कम होते तेवढी मंदिरात द्यावी, एखादी पूजा बोलावी, मन हलके होईल. त्यांनी ते मानले नाही. त्यांचे म्हणणे असे की, बायांच्या अंगावरचे कापड काढून देवाला कसे वाहायचे? देवाला त्याची गरज नाही, आणि बायांना ते पोहोचत नाही. संस्थेच्या विश्वस्तांना हे बोलणे काहीसे उद्धट वाटले, असेही सांगतात.

त्यांनी निराळेच केले. त्या दिवसापासून दुकानात जे लुगडे कापले जाई, ते नऊ वार भरल्यावर गुमास्ता पट्टी उचलून आणखी एक वीत मोजी आणि मग कात्री लावी. ज्यांचे बुडाले त्यांना ते मिळणार नव्हते, हे मालकांना ठाऊक होते. कदाचित त्यांपैकीच एखादी पुन्हा येईल, एवढीच आशा.

पुढे मुलगा औरंगाबादहून बी.कॉम. होऊन आला आणि वह्या पाहू लागला. त्याने हिशेब मांडला. नऊ वार म्हणजे छत्तीस विती. एका लुगड्यामागे एक वीत जादा, म्हणजे दर छत्तीस लुगड्यांमागे एक लुगडे फुकट. वर्षाला दोनशे खपली तर साडेपाच लुगडी गेली. त्याने वडिलांना विचारले, हा खर्च कोणत्या खाती टाकावा? घट म्हणून दाखवावा, की धर्मादा खाती?

वडील म्हणाले, "धर्मादा खाती नको. देणे खाती टाक."

मुलाने लेखणी उचलली, आणि देणे कोणाचे म्हणून लिहावे, असे विचारले. खतावणीत प्रत्येक देण्यापुढे नाव लागते. वडील बराच वेळ बाहेर रस्त्याकडे पाहत राहिले. आठवडी बाजाराचा दिवस होता, आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया समोरून जात होत्या.